खरखरीचा पाठ

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात. आमच्यापैकी एक संतसाहित्य शिकवतो, दुसरी साठोत्तरी कविता आणि संशोधनपद्धती शिकवते. घरात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक लाकडी खोके आहे व त्यात एकेचाळीस कॅसेटी आहेत. घरी येणाऱ्या स्नेह्यांचे लक्ष तिकडे गेले की ते साहजिकच विचारतात, "मैफली का?" मराठी घरात जपून ठेवलेली जुनी कॅसेट म्हणजे कोणा गवयाची खाजगी मैफल, नाहीतर कोणा वक्त्याचे भाषण, ही समजूत काही चुकीची नाही. आम्ही सांगतो, "नाही, पंक." यावर बहुधा थोडा वेळ कोणी काही बोलत नाही. मग चहा येतो आणि विषय बदलतो.

त्या न झालेल्या संभाषणाच्या जागी हा लेख लिहीत आहोत. त्यात आमच्या हातून झालेल्या एका चुकीची कबुली आहे. ती चूक झाली नसती तर लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

आमच्यापैकी एकीचे थोरले मामा १९७२ साली तंत्रशिक्षणासाठी लंडनला गेले आणि पुढे तेथेच एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कामाला लागले. राहायला साउथॉलला, एका पंजाबी कुटुंबाच्या घरातील वरची खोली. १९८३ साली ते मिरजेला परतले, लग्न केले आणि मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकले. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. सतारीचे भोपळे वाळत घातलेल्या गल्लीतून मामांच्या दुकानाकडे जावे लागे. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गाणे होई ते मामांनी कधी चुकवले नाही. मितभाषी गृहस्थ. डाव्या भुवईवर एक जुना व्रण. लहानपणी आम्ही विचारले तेव्हा, सायकलवरून पडलो होतो, असे उत्तर मिळाले होते. रविवारी दुपारी, मामी झोपल्यावर, दुकानाच्या माळ्यावर ते टेपरेकॉर्डर लावून बसत. त्यातून येणारा आवाज आम्हां मुलांना बिघडलेल्या यंत्राचा वाटे, आणि रिवाइंडिंगच्या दुकानात तो वावगाही वाटत नसे.

२०१९ मध्ये मामा गेले. दिवसकार्य झाल्यावर मामींनी ते खोके आमच्या स्वाधीन केले. "तुम्ही जुनी पुस्तकं सांभाळता ना, मग हे पण सांभाळा," एवढेच म्हणाल्या. एकेचाळीसपैकी चौतीस कॅसेटी लंडनच्या होत्या, सात मिरजेच्या. लेबलांवर मामांच्या टपोऱ्या अक्षरांत केवळ महिना आणि साल. कोठेही वाद्यवृंदाचे नाव नाही, स्थळ नाही.

पंकविषयी येथे थोडे सांगणे भाग आहे. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉल या छोट्या सभागृहात 'सेक्स पिस्टल्स' या चमूचा कार्यक्रम झाला. तो ठरवला होता हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी. श्रोते काही डझन. पुढे त्या रात्री आपण तेथे होतो असे सांगणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की त्या विषयावर एक अख्खे पुस्तक निघाले. श्रोत्यांपैकी कोणीतरी केलेले त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण मात्र खरोखरच अस्तित्वात आहे, आणि ते हातोहाती फिरत राहिले. डिव्होटो आणि शेली यांच्या 'बझकॉक्स' या चमूने जानेवारी १९७७ मध्ये उसन्या घेतलेल्या पाचशे पौंडांत स्वतःची चार गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. 'स्पायरल स्क्रॅच' हे तिचे नाव. तिच्या वेष्टनावर प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले हेही छापलेले होते. कलाकृतीने आपली घडण न लपवता वेष्टनावरच सांगून टाकावी, याचे पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला अप्रूप वाटणारच. त्याच सुमारास मार्क पेरी या तरुणाने 'स्निफिंग ग्लू' नावाचे, टंकलेखन आणि हस्ताक्षर यांची सरमिसळ असलेले, झेरॉक्स केलेले नियतकालिक काढले होते. सायक्लोस्टाइल केलेल्या मराठी अनियतकालिकांचा इतिहास वर्गात शिकवणाऱ्यांना ही वृत्ती परकी वाटण्याचे कारण नाही. प्रकाशक दारात उभे करीत नसेल तर आपणच छापावे, आणि छपाईच्या गबाळेपणाची लाज बाळगू नये, ही ती वृत्ती.

मात्र ४ जून १९७६ या तारखेला आणखी एक अर्थ आहे. मँचेस्टरला तो कार्यक्रम झाला त्याच दिवशी साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या तरुणाचा वर्णद्वेषी हल्ल्यात भोसकून खून झाला. त्यानंतर तेथील आशियाई तरुण संघटित झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टन या विख्यात गिटारवादकाने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून स्थलांतरितांविरुद्ध उद्गार काढले आणि त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकापासून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा निघाला. तेथे हजारोंच्या समुदायापुढे 'द क्लॅश', 'एक्स-रे स्पेक्स' ही पंक मंडळी आणि 'स्टील पल्स' हा रेगे गाणारा चमू एकाच मंचावरून गायले. पुढच्या वर्षी, २३ एप्रिल १९७९ रोजी, साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शने झाली आणि त्यांत ब्लेअर पीच हा शिक्षक मृत्यू पावला. पंकचा सारा इतिहास असा उजळ नाही. त्याच काळात काही पंक तरुण केवळ वडीलधाऱ्यांना डिवचण्यासाठी स्वस्तिकाचे नाझी चिन्ह अंगावर मिरवीत होते, आणि काही मैफलींना नॅशनल फ्रंटची पोरे दांडगाई करायलाच येत. एखादा सावळ्या वर्णाचा मुलगा अशा ठिकाणी कोटाखाली टेपरेकॉर्डर लपवून उभा राहत असेल तर तो काय ऐकायला जात होता, हा प्रश्न आम्हांला फार उशिरा सुचला.

असो. अशा ध्वनिमुद्रणांना बूटलेग म्हणतात. चोरटी दारू बुटात लपवून नेण्यावरून तो शब्द आला. अधिकृत ध्वनिमुद्रिकेची नक्कल करून विकणे ही पायरसी. बूटलेग म्हणजे जे अधिकृतपणे प्रसिद्धच झालेले नाही ते कलाकाराच्या परवानगीवाचून टिपणे आणि पसरवणे. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही गैर. १९६९ मध्ये लॉस एंजलिसमध्ये बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची 'ग्रेट व्हाइट वंडर' ही बेनामी तबकडी निघाली, तेव्हापासून रॉकच्या जगात हा समांतर व्यवहार चालू आहे. पंकच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आले, कारण बहुसंख्य चमू दोन-चार महिने वाजवून विरून गेले आणि त्यांची एकही तबकडी निघाली नाही. ध्वनिमुद्रण कंपन्या तेव्हा घरगुती मुद्रणामुळे संगीत मरत असल्याची ओरड करीत होत्या. कॅलिफोर्नियातील 'डेड केनेडीज'ने १९८१ साली त्यावर उत्तर म्हणून आपल्या कॅसेटची एक बाजू मुद्दाम कोरी सोडली, श्रोत्यांना हवे ते भरता यावे म्हणून.

मामांच्या कॅसेटींकडे वळल्यावर आमचे पहिले वर्ष केवळ शिकण्यात गेले. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ही वस्तू किती नाजूक पायावर उभी आहे हे उघडल्यावाचून कळत नाही. फितीची रुंदी चार मिलिमीटरहूनही कमी, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचे सारे गायन त्या चिंचोळ्या पट्टीत शेजारी शेजारी नांदते. फीत हेडवर दाबून धरणारी नमद्याची इवलीशी गादी तांब्याच्या पट्टीवर डिंकाने चिकटवलेली असते. चाळीस वर्षांत तो डिंक सुकतो, गादी गळून पडते आणि आवाज चादरीआडून आल्यासारखा येतो. मिरजेच्या पावसाळ्यांनी काही फितींवर पांढरी बुरशी धरली होती. स्क्रूने जोडलेली कवचे उघडता येतात. चिकटवून बंद केलेली असतील तर ब्लेडने शिवण चिरून फीत नव्या कवचात घालावी लागते. आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे कधीकाळी रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी आम्हांला हेड स्पिरिटने पुसायला, चुंबकत्व काढायला आणि मुख्य म्हणजे हेडचा कोन जुळवायला शिकवले. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याचे हेड जर किंचित तिरके असेल, तर आपले हेडही तितकेच तिरके केल्यावाचून वरचे स्वर उमटत नाहीत. बारीक स्क्रू केसभर फिरवावा आणि झांजेचा आवाज एकाएकी लखलखीत व्हावा, हा अनुभव जुन्या पोथीतील न लागणारे अक्षर अचानक लागण्यासारखा आहे.

दुसरी अडचण वेगाची. मामांचा टेपरेकॉर्डर सेलवर चाले. कार्यक्रम लांबला की सेल उतरत, फीत हळू सरके; आज तीच फीत योग्य वेगाने वाजवली की गाणे जलद होते आणि स्वर चढतो. मूळ वेग कसा ठरवायचा? येथे एक अनपेक्षित साक्षीदार मदतीला आला. विजेचा प्रवाह ब्रिटनमध्ये, आपल्याकडच्याप्रमाणेच, सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असतो आणि ध्वनिवर्धकांतून त्याची मंद गुणगुण सतत पाझरत असते. आमच्या एका फितीत ती गुणगुण सुरुवातीला पन्नासच्या जवळ होती आणि शेवटी चोपन्नावर गेलेली. म्हणजे यंत्र तेवढे मंदावले होते. गुणगुणीला पुन्हा पन्नासावर बसवले की गायकाचा गळा आपोआप जागेवर येतो. ज्या द्रुत लयीला आम्ही पंकचा आवेश समजत होतो, तिच्यातला काही भाग उतरलेल्या सेलांचा होता, हे कळल्यावर आम्ही पुष्कळ हसलो. ज्या आवाजाला दोष म्हणून काढून टाकायचे, त्यानेच मूळ पाठ सांगावा, ही गोष्ट तेव्हाच मनावर घ्यायला हवी होती. आम्ही घेतली नाही.

संग्राहकांशी पत्रव्यवहार सुरू झाल्यावर तर आम्ही अगदी स्वगृही आल्यासारखे झालो. ही मंडळी प्रत्येक प्रतीची पिढी सांगतात: मूळ फीत, तिची पहिली नक्कल, नकलेची नक्कल. प्रत्येक पिढीत खरखर वाढते आणि वरचे स्वर झडतात. दोन प्रतींचे नाते ठरवायचे तर समान दोष शोधायचे. एखाद्या क्षणी आवाज अर्धा सेकंद बुडतो आणि तो दोन्ही प्रतींत त्याच जागी बुडत असेल, तर दोन्ही एकाच पूर्वजाच्या वंशातल्या. पोथ्यांचा वंशवृक्ष आपण नेमका असाच लावतो. लेखनिकाने गाळलेली ओळ ज्या ज्या पोथ्यांत गाळलेली, त्या एका शाखेच्या. हे शास्त्र एम. ए.च्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवत होतो. हाताने करून पाहिले ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि तेही पंकवर.

आता चुकीकडे येतो.

'मार्च ७९' असे लेबल असलेली कॅसेट आम्ही अगदी सुरुवातीला हाती घेतली, कारण ती सर्वांत स्वच्छ वाजत होती. कुठल्याशा पबच्या मागल्या खोलीतला कार्यक्रम असावा. गाण्यांमागे पेल्यांचा किणकिणाट आहे. संगणकातील आज्ञावलीचे काम असे चालते की निव्वळ खरखर असलेला एक तुकडा आपण तिला दाखवावा, मग ती तशी खरखर सर्वत्रून वजा करते. पंकमध्ये निव्वळ खरखर कुठली आणि वादन कुठले, हे ठरवताना तिची त्रेधा उडते. झांजा तिला खरखरच वाटतात आणि जोर वाढवला तर त्या पाण्यात बुडाल्यासारख्या घुमू लागतात. आम्हांला त्या वेळी स्वच्छतेचा ध्यास लागला होता. आम्ही जोर वाढवला. खोकला, ढकलाढकली, शिट्ट्या कमी केल्या. सहाव्या आणि सातव्या गाण्यांच्या मध्ये चारेक मिनिटांचा गोंगाट होता: वाद्ये बंद, ओरडाआरडा, काहीतरी पडल्याचे आवाज, माइकजवळ कोणी दोघे बोलताहेत. तो भाग आम्ही सरळ कापला आणि सहाव्या गाण्याला सातवे जोडून दिले. आणि जागा वाचवण्यासाठी, हे लिहिताना आजही शरम वाटते, मूळ उतारा ठेवलाच नाही. शुद्ध केलेली प्रत त्याच्याच नावाने साठवली.

दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा मामींना ती प्रत ऐकवली. पंक ऐकण्याची त्यांना हौस नव्हती. मामांचे काहीतरी म्हणून त्या शांतपणे ऐकत बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान केलंत. पण ह्यांचं बोलणं कुठं गेलं?"

कुठले बोलणे, आम्ही विचारले.

"मधे भांडण होतं ना? तिथं हे बोलतात. लग्न झाल्यावर एकदाच ऐकवलं होतं मला. त्या रात्री घरी जाताना गाठून मारलं होतं ह्यांना आणि त्या सरदारजींच्या पोराला. भुवईवर टाके पडले ते तेव्हाचे." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "सायकलचं तुम्हां पोरांना सांगायचे."

परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. घरी येऊन कॅसेट पुन्हा लावली, आणि आमच्या यंत्राने ती नेमकी मध्यावर खाल्ली. जुन्या टेपरेकॉर्डरचा अनुभव असलेल्यांना त्या क्षणी पोटात काय होते ते सांगायला नको. फीत चिमट्याने सोडवली. तुटली नव्हती, पण चार-पाच हात लांबीवर एका कडेला चुरगळली होती. पुन्हा वाजवल्यावर त्या जागी आवाज फडफडत होता. शेवटी त्याच रेडिओवाल्या काकांनी मार्ग सुचवला. मामांचा टेपरेकॉर्डर मोनो, म्हणजे त्याने मुद्रणासाठी फितीच्या त्या बाजूची सगळी रुंदी वापरलेली. आमचे यंत्र स्टिरिओ, म्हणजे ते तीच रुंदी दोन पट्ट्यांत, कडेची आणि आतली, अशी वेगवेगळी वाचते. चुरगळले आहे ते कडेला. तेव्हा कडेची पट्टी सोडून द्यायची आणि आतली तेवढी घ्यायची.

तशी घेतली. चार मिनिटे पुरती हाती आली. यावेळी खरखर काढली नाही. कान देऊन ऐकले तेव्हा गोंगाटाखालून पंजाबी वळणाची हिंदी उमटली: "चल यार, निकलते हैं. वो लोग दरवाजे पे खड़े हैं." आणि मग माइकच्या अगदी निकट, कोटाच्या कापडावर घासत येणारा, सत्तावीस वर्षांच्या मामांचा आवाज: "रुक. टेप खतम होने दे." थोड्या वेळाने, कोणालाही उद्देशून नसलेले, मराठीत: "चार-पाच मिनिटं राहिलीत." मग सातवे गाणे सुरू होते. ते मधेच तुटते, कारण फीत संपते.

आम्ही दोघांनी आयुष्यात पुष्कळ प्रास्ताविके लिहिली. 'प्रक्षिप्त' हा शब्द किती सहजपणे वापरला आहे ते आता मोजवत नाही. संपादकाने काय गाळावे, याचा आदर्श म्हणून आपण एकनाथांकडे बोट दाखवतो. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. ते बजावणे भर घालणाऱ्यांसाठी होते. गाळणाऱ्यांसाठीही तितकेच कडक काही हवे, असे आता वाटते. दुसरीकडे महानुभावांची शिस्त पाहावी. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी हरवल्यावर शिष्यांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली आणि वेगवेगळ्या साक्षीदारांच्या स्मरणात जिथे भेद पडला तिथे तो भेद नोंदवून ठेवला. एकसंध, सफाईदार ग्रंथ देण्यापेक्षा कोणाला काय आठवते हे त्यांना मोलाचे वाटले. आम्ही मात्र सहाव्या गाण्याला सातवे जोडून असा एक कार्यक्रम तयार केला होता की जो कधी झालाच नव्हता.

पोथीच्या शेवटी लेखनिक पुष्पिका लिहितो: अमुक शके, अमुक तिथी, अमक्याने अमक्या गावी लिहिले, तेलापाण्यापासून पोथी राखावी. विद्यार्थी ती वगळून पुढे जातात आणि आम्ही त्यांना रागावतो, कारण काळ, स्थळ, माणूस यांचा पुरावा तेथेच असतो. मामांनी लेबलांवर स्वतःचे नाव कोठेही लिहिले नव्हते. चौतीस कॅसेटींत त्यांची पुष्पिका एकच, आणि ती आम्ही कापून टाकली होती.

आता आमची पद्धत बदलली आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आम्ही नंतर वाचली. त्यांत हेच सांगितले आहे की मूळ फितीवरून घेतलेल्या पहिल्या उताऱ्यावर कसलाही संस्कार करू नये आणि सगळे संस्कार नकलेवर करावेत. प्रत्येक कॅसेटच्या आम्ही तीन प्रती करतो. पहिली जशीच्या तशी, फीत सुरू होण्यापूर्वीच्या शांततेसकट. दुसरीत वेग आणि हेडचा कोन एवढेच दुरुस्त. तिसरी ऐकण्यासाठी, सौम्यपणे साफ केलेली. सोबत एक वही असते. कुठल्या मिनिटाला काय केले, का केले, कशाबद्दल शंका आहे, ते तीत लिहितो. श्रोत्यांचा आवाज काढत नाही. त्या खोलीत कोण होते, कोण शिट्ट्या मारीत होते आणि कोण दाराशी उभे होते, हेही त्या गाण्यांच्या अर्थाचाच भाग आहे. हे मुद्रण आम्ही कोठे प्रसिद्ध करीत नाही. ते वादक आज कोठेतरी असतील, आणि त्यांचा हक्क त्यांच्यापाशी आहे.

दरवर्षी पाठचिकित्सेचा घटक शिकवताना वर्गात आम्ही दोन्ही प्रती वाजवतो, आधी कापलेली आणि नंतर अखंड. कोणती प्रत प्रमाण मानाल, असे विचारतो. बहुतेक जण अर्थातच दुसरी म्हणतात. प्रश्नाच्या सुरातूनच त्यांना उत्तर कळते. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारले, "सर, पहिली पण ठेवलीय ना? तुम्ही काय केलं होतं ते तिच्यावरूनच कळतं." ती प्रत पुसून टाकावी असा विचार आमच्या मनात अनेकदा आलेला होता. आता पुसणार नाही.

मामींच्या फोनवर ती चार मिनिटे घालून दिली आहेत. त्या गाणे लागण्यापूर्वीच बंद करतात. गेल्या खेपेला आम्ही त्यांना आमची नोंदवही दाखवली: क्रमांक, लेबलावरील मजकूर, फितीची लांबी, दोष, केलेले संस्कार. चष्मा लावून त्यांनी दोन पाने वाचली आणि म्हणाल्या, "सगळं लिहिलंय. पण टेप कोणी केली ते नाही लिहिलं." आम्ही पाहिले, खरोखरच तो रकाना आम्ही आखला नव्हता. तेथेच बसून पट्टीने आखला आणि एकेचाळीस वेळा त्यात मामांचे नाव लिहिले.